तोफ सापडली? मग रंगाचे डबे आधी कुलूपबंद करा

प्रति,
युद्धसंग्रहालयांचे विश्वस्त, स्मारक समित्यांचे सभासद आणि ज्यांच्या ताब्यात अचानक एखादी जुनी विमानविरोधी तोफ आली आहे असे सर्वजण

स.न.वि.वि.

तोफ सापडल्याची बातमी आली की पुढे काय होणार हे मला आता पाठ झालं आहे. तळ्याच्या गाळातून, भंगाराच्या ढिगातून, बंद पडलेल्या छावणीच्या आवारातून किंवा किनाऱ्यावरच्या झुडपांतून दुसऱ्या महायुद्धातली एखादी तोफ बाहेर येते. क्रेन येते, फोटो निघतात, कुणीतरी हौसेने नळीवर चढून बसतं. मग समितीची बैठक होते आणि ‘तोफेला पूर्वीचं वैभव मिळवून देण्याचा’ ठराव एकमताने मंजूर होतो. वाळूचा मारा करून तोफ पार उघडी पाडतात, वर चकचकीत हिरवा रंग चढतो. चौथरा, साखळी, फलक, फीत. फलकावर तोफेचं नाव, नळीचा व्यास आणि ती किती उंचीपर्यंत मारा करायची एवढंच असतं. नेमकी हीच तोफ कुठे होती, कुणाची होती, तिच्यावर कुणी काम केलं, हे त्यावर नसतं. ते सांगू शकणारा पुरावा वाळूबरोबर उडून गेलेला असतो.

धातूच्या जुन्या वस्तू जपण्याचं काम मी करतो आणि तोफांचा मला नाद आहे. कुणा एका संस्थेवर माझा रोख नाही, आणि आपल्या हेतूबद्दल तर मुळीच शंका नाही. तोफ भंगारात वितळवली जाण्यापासून वाचवली याबद्दल आपले आभारच मानायला हवेत. पण तोफ हाती आल्यावर पहिलं वर्षभर तिच्यावर असं काहीही करू नका, जे पुन्हा पहिल्यासारखं करता येणार नाही. एवढंच मागण्यासाठी हे पत्र आहे. त्यामागची कारणं जरा सविस्तर सांगतो.

बोफोर्सची ४० मिलिमीटरची तोफ घ्या. १९३० च्या दशकात स्वीडनमध्ये तयार झालेली. चार-चार गोळ्यांच्या क्लिपा वरून भरायच्या आणि मिनिटाला साधारण १२० गोळे झाडायचे. ब्रिटन आणि अमेरिकेत ती मोठ्या संख्येने बनली, तशीच पोलंड आणि हंगेरीतही बनली. जर्मनांनी हाती लागलेल्या बोफोर्स स्वतःचं नाव देऊन वापरल्या, जपान्यांनी हाती आलेल्या तोफेवरून नक्कल केली. म्हणजे एकाच जातीची तोफ दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या विमानांवर गोळे झाडत होती. युद्ध संपल्यावरही अनेक देशांच्या सैन्यांत ती वर्षानुवर्षं सेवेत राहिली. अशी एखादी तोफ रंग खरवडून, पाट्या काढून, ठसे गुळगुळीत करून समोर ठेवली, तर ती कुठल्या बाजूची होती हे कोण सांगणार? आकारावरून ते कळत नाही. कळतं ते कारखान्याच्या ठशांवरून, क्रमांकांवरून आणि रंगाच्या थरांवरून.

रंगाबद्दल थोडं जास्तच बोलणार आहे, कारण सगळ्यात मोठं नुकसान तिथेच होतं. प्रत्येक सैन्याने, प्रत्येक दुरुस्ती-कारखान्याने तोफेवर आपापला रंग चढवलेला असतो आणि सहसा खालचा रंग पूर्ण काढण्याच्या भानगडीत कुणी पडलेलं नसतं. नखाएवढा तुकडा राळेत बसवून, त्याची कड घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरली की हे थर खालून वर वाचता येतात. एक उदाहरण देतो. फेब्रुवारी १९४३ मध्ये जर्मन भूदलाने आपल्या युद्धसामग्रीचा मूळ रंग गडद करड्यावरून गडद पिवळ्यावर नेला. त्यामुळे पिवळ्याखाली करडा सापडला, तर ती तोफ त्या तारखेच्या आधीची असण्याची शक्यता बळावते. मधेच वाळूच्या रंगाचा थर निघाला तर तिचा प्रवास वाळवंटातून झाला असेल का, हे तपासावंसं वाटतं. जर्मनांच्या ८८ मिलिमीटरच्या तोफांच्या नळ्यांवर पाडलेल्या विमानांच्या संख्येइतके पांढरे पट्टे रंगवण्याची पद्धत होती. नंतरच्या मालकांनी त्यांवरून सरळ रंग फिरवलेला असतो, पट्टे खाली तसेच असतात. दिवा बाजूला नेऊन तिरपा प्रकाश टाकला तर अशा पट्ट्यांच्या आणि अक्षरांच्या कडा वरच्या रंगातूनही उठून दिसतात. तुकडीची खूण, चाकात हवा किती भरायची याची सूचना, कुठलं तेल कुठे घालायचं याचे बाण, सगळं तिथे असतं. वाळूचा फवारा हे अर्ध्या दिवसात संपवतो.

आणि एक गंमत. विमानातून दिसू नये म्हणून जिच्यावर जाळ्या टाकायचे, फांद्या बांधायचे, जिला मुद्दाम मळकट, बिनचमकीचा रंग द्यायचे, तिलाच आपण आरशासारखी चकाकवतो. तिच्या काळातल्या एखाद्या सार्जंटने हे पाहिलं असतं तर त्याने कुणाला शिक्षा केली असती, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

क्रमांक जुळत नाहीत म्हणून नाक मुरडणारेही भेटतात. नळीवरचा क्रमांक एक, गाड्यावरचा दुसरा, वर्षंही वेगळी. मग ‘ही अस्सल नाही, जोडतोड केलेली आहे’ असा शेरा मारला जातो, आणि कधीकधी ‘चुकीचा’ भाग काढून ‘बरोबर’ भागाचा शोध सुरू होतो. तोफ वापरात असली की नळी झिजतेच. बोफोर्सची नळी तर झटपट बदलता यावी अशीच रचलेली होती. ८८ च्या नंतरच्या नळ्यांत आतली नळी तीन तुकड्यांची करण्यात आली, ती झिजलेला तुकडाच तेवढा बदलता यावा म्हणून. न जुळणारे क्रमांक हे खोटेपणाचं लक्षण मानू नका. ही तोफ खरोखर वापरली गेली, दुरुस्त झाली, पुन्हा कामावर रुजू झाली, असं ते बहुतेक वेळा सांगत असतात. तेव्हा प्रत्येक भागावरचा प्रत्येक ठसा वाचून, फोटो काढून नोंदवा आणि तो तसाच राहू द्या.

आता तोफ सापडते त्या जागेकडे वळतो. विमानविरोधी तोफ कधीच एकटी नसायची. साधा हिशोब करून पाहा: ताशी ४०० किलोमीटर वेगाने जाणारं विमान सेकंदाला १११ मीटर पुढे सरकतं. उंचावर गोळा पोहोचायला १५ सेकंद लागले, तर तेवढ्यात विमान दीड किलोमीटरहून पुढे गेलेलं असतं. म्हणजे नेम विमानावर धरायचाच नाही, ते जिथे असणार आहे त्या रिकाम्या आकाशावर धरायचा, आणि गोळा नेमक्या त्या क्षणी फुटावा म्हणून त्याच्या फ्यूजची, म्हणजे स्फोट घडवणाऱ्या यंत्रणेची, वेळही आधीच लावायची. हे गणित माणसाने तोंडी करणं शक्य नव्हतं. त्यासाठी अंतर मोजणारी दुर्बीण होती आणि दातेरी चक्रांनी भरलेली ‘प्रेडिक्टर’ नावाची पेटी होती. केरिसन प्रेडिक्टर तर केबलमधून थेट बोफोर्सला जोडला जायचा आणि तोफ आपोआप फिरायची. तिच्यावरच्या माणसांकडे मुख्यतः गोळे भरण्याचं काम उरायचं. ब्रिटिशांच्या ३.७ इंची तोफा बहुधा चारच्या गटात, मधल्या नियंत्रण-कक्षाभोवती अर्धगोलात बसवलेल्या असत. एका जागी कायम बसवायच्या तोफेसाठी काँक्रीटमध्ये बोल्ट गाडलेले असत आणि भोवतालच्या भिंतींत गोळे ठेवायचे कोनाडे असत.

असं असताना आपण काय करतो? तोफ उचलून नेतो आणि बाकीचं सोडून देतो. काँक्रीटमधले केबलचे चर बुजतात, बोल्ट कापले जातात, आणि गंजलेल्या चक्रांची एखादी पेटी ‘काय आहे कोण जाणे’ म्हणून भंगारवाल्याकडे जाते. प्रेडिक्टर तोफांपेक्षा कितीतरी दुर्मीळ आहेत, कारण त्यांना तोफेसारखं रूप नाही. क्रेन बोलावण्याआधी ती सगळी जागा मोजून घ्या. ड्रोनने, फोटोंवरून त्रिमितीय नकाशा करण्याच्या पद्धतीने, ते जमलं नाही तर टेप आणि कागद-पेन्सिलीने. भिंतीवर कुणी कोळशाने नावं लिहिली असतील, दिवस मोजायच्या रेघा ओढल्या असतील. सैनिकांना कंटाळा फार यायचा आणि त्याच्या खुणा ते भिंतींवर सोडून जायचे.

नळी सापडली तेव्हा कुठल्या दिशेला आणि किती कोनात होती, हेही लिहून ठेवा. हे ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण २३ ऑगस्ट १९४२ रोजी स्टालिनग्राडच्या उत्तरेला सोव्हिएत १०७७ व्या विमानविरोधी रेजिमेंटने आपल्या ३७ मिलिमीटरच्या तोफा खाली झुकवून थेट जर्मन रणगाड्यांवर चालवल्या होत्या. त्या रेजिमेंटमध्ये कोवळ्या वयाच्या मुलीच बहुसंख्य होत्या. जर्मनांच्या ८८ तोफांनीही आकाशाइतकंच जमिनीवरचं काम केलं. मातीत आडवी सापडलेली नळी असंच काही सांगत असेल. फोटो छान यावा म्हणून ती ४५ अंशांवर उचलण्याची घाई झाली की तो प्रश्न विचारण्याची सोयच उरत नाही. शिवाय अडकलेली नळी जोर लावून फिरवताना दाते मोडतात ते वेगळंच.

या जोर लावण्यावरून धोक्यांकडे येतो, आणि इथे मी विनंतीच्या सुरात बोलणार नाही. नळीत, आजूबाजूच्या मातीत किंवा कोनाड्यात गोळा दिसला तर लांब व्हा आणि बॉम्बनाशक पथकाला बोलवा. गोळा ऐंशी वर्षांचा झाला म्हणून निरुपद्रवी होत नाही. ‘फक्त रिकामी पुंगळी आहे’ हा निर्णय आपला नाही, त्यांचा आहे. दुसरा धोका लोकांच्या सहसा लक्षातच येत नाही. गोळा सुटल्यावर नळी मागे येते, तेव्हा तेलाचं नळकांडं तो धक्का झेलतं आणि दणकट स्प्रिंग किंवा दाबून भरलेला वायू नळीला पुन्हा पुढे ढकलतो. जड नळी सहज उचलता यावी म्हणूनही अनेक तोफांना ताणलेल्या स्प्रिंगा असतात. नळी मागे आलेल्या अवस्थेत गंजून अडकली असेल तर ती सगळी ताकद आत तशीच दबा धरून असते. माहितगार माणूस हजर नसताना नट सैल करणं म्हणजे जिवाशी खेळ.

तबकड्या आणि नेम धरण्याच्या साधनांवर अंधारात दिसावा म्हणून रेडियमचा रंग असू शकतो. तो आता चमकत नाही, कारण त्यातला चमकणारा पदार्थ कधीच निकामी झालेला असतो. रेडियमचा अर्धायुकाल मात्र सुमारे १६०० वर्षांचा आहे, त्यामुळे किरणोत्सर्ग जवळजवळ तेवढाच आहे. अशा तबकड्या मोजणी-यंत्राने तपासून घ्या. खरवडू नका, घासू नका, घरी नेऊ नका. जुन्या रंगांत शिसं असतं, काही तोफांच्या ब्रेकमध्ये आणि गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. उन्हाळी सुट्टीत शाळकरी स्वयंसेवकांच्या हाती पॉलिश पेपर देणाऱ्या संस्थांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं.

समुद्रातून किंवा किनाऱ्यावरून आलेली तोफ हे तर निराळंच प्रकरण. पाण्यात असताना ती जितकी स्थिर असते, तितकी बाहेर काढल्यावर राहत नाही. मिठातले क्लोराइड लोखंडाच्या आत शिरलेले असतात. हवा लागली की ते आतून काम सुरू करतात आणि काही महिन्यांत पृष्ठभागाचे पापुद्रे सुटू लागतात, त्यांच्याबरोबर अक्षरं आणि ठसेही. तिला लगेच अल्कली मिसळलेल्या पाण्याच्या टाकीत ठेवावं लागतं आणि मीठ बाहेर यायला वर्षं जातात. १८६२ मध्ये बुडालेल्या ‘मॉनिटर’ या अमेरिकी युद्धनौकेचा सुमारे १२० टनी फिरता तोफबुरूज २००२ साली वर काढला. वीस वर्षं उलटून गेली तरी त्याच्यातलं मीठ काढण्याचं काम चालूच राहिलं. आपल्याकडे टाकी नसेल, रसायनं बदलायला माणूस नसेल, तर ती तोफ वर काढूच नका. तळाशी असण्यात कमीपणा काही नाही. प्रशांत महासागरातल्या ट्रुक लगूनमध्ये फेब्रुवारी १९४४ च्या अमेरिकी हल्ल्यात बुडालेली जपानी जहाजं अजून तळाशीच आहेत आणि त्यांच्यात माणसांचे अवशेषही आहेत. अशा ठिकाणी तोफ काढणं म्हणजे थडग्यावरचा दगड उचलून नेण्यासारखं आहे.

उघड्यावर ठेवायची म्हणता? ठेवा, पण मग पाण्याचा विचार करा. नळीच्या तोंडाला बूच लावा, गोळा भरण्याच्या तोंडावर झाकण घाला, पाणी साचेल तिथे ते निघून जायला वाट ठेवा. तोफेचं वजन रबरी चाकांवर न ठेवता आधारांवर तोला, नाहीतर काही वर्षांत चाकं फाटून तोफ एका बाजूला कलते. ती थेट मातीत किंवा ओलावा धरणाऱ्या काँक्रीटमध्ये रोवू नका. उरलेल्या जुन्या रंगावर मेणाचा पातळ थर पुरतो, तो दरवर्षी द्यावा लागतो. छप्पर मिळालं तर याहून उत्तम काहीच नाही. साधं पत्र्याचं चालेल.

एक वाद मला माहीत आहे. ‘तोफ चालती-फिरती हवी, मुलांना बघायला मजा येते.’ मान्य आहे. एकाच जातीच्या दहा तोफा शिल्लक असतील, तर एखादी पूर्ण दुरुस्त करून, नवे भाग घालून, फिरवून दाखवायला माझी हरकत नाही, फक्त कुठला भाग नवा हे त्याच्यावरच कायमचं कोरून ठेवा. पण ज्या तोफेवर मूळ रंग शाबूत आहे, जिची जागा ठाऊक आहे, तिच्यावर हा प्रयोग नको. कायद्याने तोफ निकामी करणं सक्तीचं असेल तर ते करावंच लागेल. मात्र अधिकाऱ्यांशी आधी बोला. नळी कापण्याऐवजी एखादा वेगळा काढता येणारा भाग ताब्यात देऊन काम भागतं का, वेल्डिंग दिसणार नाही अशा जागी चालेल का, हे विचारायला पैसे पडत नाहीत. विचारलं नाही की वेल्डर सगळ्यात सोपी जागा निवडतो, आणि सगळ्यात सोपी जागा म्हणजे सहसा ठशांच्या शेजारची.

ऑस्ट्रेलियातल्या वारसातज्ज्ञांनी १९७९ मध्ये केलेल्या ‘बुरा सनदे’त एक तत्त्व आहे: गरजेपुरतं सगळं करा, पण शक्य तितकं कमी करा. ते इमारती आणि जागांसाठी आहे. तोफेलाही ते तंतोतंत लागू पडतं आणि समित्यांना ते मुळीच आवडत नाही, कारण कमी केलेल्या कामाचं उद्घाटन करता येत नाही.

माणसांबद्दल शेवटी लिहितो आहे, पण काम म्हणून हे सगळ्यात तातडीचं आहे. ब्रिटनमध्ये १९४१ पासून स्त्री-पुरुषांच्या मिश्र तुकड्या होत्या. मुली प्रेडिक्टर चालवत, अंतर मोजत, विमानं ओळखत. तोफेतून गोळा झाडण्याचं काम मात्र नियमाने पुरुषांकडे होतं. जर्मनीत फेब्रुवारी १९४३ पासून शाळेच्या वर्गातून पंधरा-सोळा वर्षांची मुलं उचलून तोफांवर नेमली गेली. त्या वेळी अठरा वर्षांची असलेली मुलगी आज शंभरीच्या घरात आहे. तिची पत्रं, फोटो, रोजनिशी आता नातवंडांच्या कपाटांत आहेत आणि कपाटं रिकामी करण्याची वेळ जवळ येत चालली आहे. क्रेनवर खर्च करायच्या आधी त्या कुटुंबांपर्यंत पोहोचा. तुकडीचं नाव कळलं तर सैन्याच्या अभिलेखागारात तिची दैनंदिनी मिळू शकते, आणि एखाद्या रात्री त्या जागेवरून किती गोळे झाडले गेले इथपर्यंत नोंद सापडू शकते. अशी एक ओळ फलकावर आली, तर नळीचा व्यास कुणी वाचला नाही तरी चालेल.

म्हणून पुढच्या बैठकीत जो ठराव येईल, त्यात माझ्यासाठी चार गोष्टी घाला. नोंदणी आणि रंगाच्या थरांची तपासणी पूर्ण होईपर्यंत तोफेवर कसलाही फवारा, घासणी किंवा वेल्डिंग होणार नाही. बॉम्बनाशक पथक आणि किरणोत्सर्ग-तपासणी यांचे दाखले आल्याशिवाय कुणी तिच्यावर काम करणार नाही. तिच्याबरोबर सापडलेली प्रत्येक वस्तू, ओळखू न येणारीसुद्धा, क्रमांक टाकून ठेवली जाईल. आणि उद्घाटनाच्या खर्चाला मंजुरी देण्याआधी, दरवर्षी तिच्यावर मेण कोण लावणार त्याचं नाव आणि त्यासाठीची रक्कम इतिवृत्तात लिहिली जाईल. ते नाव सुचत नसेल तर ठराव पुढच्या बैठकीपर्यंत तहकूब ठेवा. तोवर तोफेवर एक ताडपत्री टाका, तिच्या खालून वारा खेळता राहील अशी.

कळावे, लोभ असावा.

आपला,
तोफांचा एक नादी